ओंडका जेवढा, चर्च तेवढं

पाइनचं झाड वर जाताना मीटरमागे साधारण एक सेंटिमीटरने निमुळतं होतं. बुंध्याशी ३५ सेंटिमीटर असलेला १२ मीटरचा ओंडका शेंड्याकडे २३-२४ सेंटिमीटर उरतो. असे ओंडके आडवे एकावर एक रचून भिंत उभी करायची तर बूड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं आलटून पालटून ठेवावं लागतं. तरीही ओंडका जितका लांब तितका तो तासण्यात वाया जातो, आणि उचलायला माणसं जास्त लागतात ती वेगळीच. सात-आठ मीटरपर्यंत काम सुखाने होतं. त्यापुढे प्रत्येक मीटर महाग पडतो.

मध्य फिनलंडमधलं पेतॅयॅवेसीचं जुनं चर्च पाहताना हा हिशोब डोक्यात ठेवला तर इमारत निराळीच दिसू लागते. युवॅस्क्युलॅ शहराच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर, तळ्याकाठच्या भूशिरावर हे छोटं लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं चर्च उभं आहे. बांधकाम १७६३ ते १७६५. १९९४ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. युनेस्कोच्या वर्णनात रेनेसांस काळातली मध्यकेंद्री रचना आणि त्याआधीच्या, मध्ययुगातल्या गॉथिक कमानींचा वारसा यांचा मेळ असल्याचं म्हटलं आहे. ते खरंच आहे, पण हा मेळ ज्यांनी घातला ते गावचे सुतार होते, आणि त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न शैलीचा नव्हता. आठ मीटरच्या ओंडक्यांतून दोन-अडीचशे माणसं बसतील एवढी जागा कशी काढायची, हा होता.

आधी प्रश्न का पडला ते. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि १८०९ पर्यंत राहिला. रविवारच्या उपासनेला जाणं ही सक्तीची गोष्ट होती. पेतॅयॅवेसीची वस्ती यॅम्सॅच्या मुख्य पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत मोडत होती, आणि यॅम्सॅ तिथून तीस-चाळीस किलोमीटर. उन्हाळ्यात नाव वल्हवत आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून घसरगाडीने हे अंतर कापायचं. बाप्तिस्मा आणि दफन यांसाठीही तीच वाट. अशा दूरच्या वस्त्या स्वतःचं चॅपल मागत, म्हणजे मुख्य पॅरिशच्या हाताखालचं छोटं चर्च. जागा निवडताना टेकडी, देखावा वगैरे दुय्यम होतं. सगळ्या दिशांनी पाण्यावरून आणि बर्फावरून येता यावं, ही अट मोठी. म्हणून भूशिर. गावाच्या नावातही झाड आणि पाणी दोन्ही आहेत: पेतॅयॅ म्हणजे पाइन, वेसी म्हणजे पाणी.

खर्चाची पद्धत सरळ होती. पैसा थोडा, लाकूड भरपूर. त्या काळच्या अशा कामांत शेतघरांवर वाटणी बसे: कुणी किती ओंडके आणायचे, किती फळ्या, किती लाकडी कौलं, किती दिवस माणूस पाठवायचा. रोख पैसा प्रामुख्याने मुख्य सुताराला, काचेला आणि लोखंडाला लागे. पेतॅयॅवेसीला मुख्य सुतार होता याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन. मधलं नाव म्हणजे ‘क्लेमेत्तीचा मुलगा’.

आता भिंत. ओंडक्यांची भिंत उभी राहते ती कोपऱ्यांमुळे. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे ओंडके एकमेकांत खाचेने अडकतात आणि तिथे ती भिंत कैचीत धरल्यासारखी घट्ट होते. दोन कोपऱ्यांच्या मधला भाग मात्र एकावर एक ठेवलेल्या काठ्यांची चळतच. लांबी वाढली की मधोमध पोट बाहेर येतं. छपराचे वासे भिंतीचा माथा बाहेर ढकलत असतात, त्यामुळे हे पोट वाढतच जातं. आणि भिंत एका ओंडक्यापेक्षा लांब असेल तर ओंडक्याला ओंडका टोकाशी जोडावा लागतो. तो सांधा हाच भिंतीचा सगळ्यात कच्चा भाग.

सतराव्या शतकात बोथ्नियाच्या आखाताच्या किनाऱ्यावर यावर एक तोडगा निघाला होता. लांबट चर्चच्या भिंतीत ठरावीक अंतरावर ओंडक्यांचेच चौकोनी पोकळ खांब गुंफायचे, म्हणजे भिंतीतच लहानलहान लाकडी पेट्या उभ्या करायच्या. लांब भिंतीचे सांधे या पेट्यांच्या आत लपवायचे आणि समोरासमोरच्या दोन पेट्या वरून तुळयांनी बांधायच्या. व्यॉय्रीचं १६२६ चं आणि तोर्निओचं १६८६ चं चर्च या पद्धतीचं. पद्धत मजबूत आहे, पण लाकूड फार खाते. आत शिरलेल्या पेट्या प्रवचनाच्या वेळी काही लोकांच्या नजरेआडही येतात.

दुसरा तोडगा म्हणजे क्रूस. मला तो गणित म्हणून फार सुंदर वाटतो. समजा, आठ मीटरपेक्षा लांब ओंडका वापरायचाच नाही असं ठरवलं. साध्या चौकोनी खोलीत ८ गुणिले ८, म्हणजे ६४ चौरस मीटर मिळतात. आता ७ मीटर रुंदीचा चौक घ्या आणि चारही बाजूंना साडेपाच मीटरच्या भुजा काढा. आरपार लांबी १८ मीटर. क्षेत्रफळ ४९ अधिक चार वेळा साडेअडतीस, म्हणजे २०३ चौरस मीटर. एकही भिंत सात मीटरपेक्षा लांब नाही, कोपऱ्यातल्या खाचेसाठी थोडं जास्त धरलं तरी आठ मीटरचा ओंडका पुरतो. टोकाला टोक जोडण्याचा सांधा कुठेही नाही. तिप्पट जागा, आणि तेही तोच ओंडका वापरून.

शिवाय चार कोपऱ्यांऐवजी बारा कोपरे मिळतात, आठ बाहेरचे आणि चार आतले. म्हणजे दर पाच-सात मीटरवर भिंत कैचीत. पोट यायला जागाच राहत नाही. किंमत मात्र कामात मोजावी लागते. भिंत सहा मीटर उंच आणि प्रत्येक थर २२ सेंटिमीटरचा धरला तर २७ थर होतात. दर थरात १२ ओंडके म्हणजे एकंदर ३२४ ओंडके, आणि कोपऱ्याच्या जोडही जवळपास तितक्याच. दारं-खिडक्यांमुळे काही ओंडके तोकडे पडतात, पण कोपरे तेवढेच राहतात. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पेतॅयॅवेसीची मापं म्हणून कुणी वापरू नयेत. पण कुठल्याही छोट्या क्रूसाकृती चर्चचं काम कुठे जातं ते यातून कळतं: कोपऱ्यांत.

ही कल्पना गावच्या सुतारांनी शून्यातून काढली असं नाही. स्टॉकहोममध्ये जाँ द ला व्हालेने आखलेलं कातारीना चर्च १६५६ पासून बांधलं जात होतं आणि १६९५ ला पुरं झालं. ते दगडी, समभुज क्रूसाचं. लुथरन उपासनेला तो आकार चांगला मानवला, कारण तिथे प्रवचन मध्यवर्ती असतं आणि चार भुजा जिथे मिळतात त्या चौकाच्या कोपऱ्यात पुलपीट, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, ठेवलं की प्रत्येक भुजेतल्या माणसाला पाळक दिसतो आणि ऐकू येतो. राजधानीतला हा दगडी नमुना फिनलंडच्या खेड्यांत पोचला तेव्हा तो लाकडाच्या हिशोबात चपखल बसला. पेतॅयॅवेसीच्या थोडंच आधी, १७५६ ते १७५८ मध्ये, शेजारच्या केउरूचं चर्च अंत्ती हाकोलाने क्रूसाकृतीच बांधलं. एका भागातले सुतार एकमेकांचं काम पाहत शिकत होते, नकाशा कागदावर असो वा नसो.

ओंडका निवडण्यापासून सुरुवात करू. पाइन हिवाळ्यात तोडतात. तेव्हा झाडातलं पाणी कमी असतं आणि बर्फावरून ओढून आणणं सोपं. हवं असतं ते हळू वाढलेलं, दाट वलयांचं, गाभा मोठा असलेलं झाड. गाभ्यात राळ असते आणि तीच कुजण्यापासून वाचवते. बाहेरचा फिकट थर लवकर बुरशी धरतो. ओंडका दोन बाजूंनी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासून सपाट करतात. ही कुऱ्हाड एकाच बाजूने धार दिलेली असते आणि तिचा दांडा जरा बाहेर वळवलेला असतो, म्हणजे बोटं लाकडावर आपटत नाहीत. करवतीने कापलेल्या पृष्ठभागावर लाकडाचे तंतू फाटून उभे राहतात आणि पाणी शोषतात. कुऱ्हाडीने नीट तासलेल्या पृष्ठभागावर ते दाबले जातात, पाणी ओघळून जातं. पेतॅयॅवेसीच्या आतल्या भिंती कधी रंगवल्या गेल्या नाहीत. जी रेशमी, मधाच्या रंगाची झळाळी लोक वाखाणतात ती या तासकामाची आणि अडीचशे वर्षांच्या हवेची.

तासलेले ओंडके एकावर एक ठेवले तर मधे फट राहणारच. म्हणून वरच्या ओंडक्याच्या पोटात लांब खोबण काढतात, खालच्या ओंडक्याच्या पाठीवर नेमकी बसेल अशी. त्यासाठी दोन टोकांचं रेघ मारायचं अवजार असतं: एक टोक खालच्या ओंडक्याच्या उंचसखल पाठीवरून फिरतं आणि दुसरं तीच वळणं वरच्या ओंडक्यावर ओरखडतं. त्या रेघेपर्यंत तासलं की दोन्ही ओंडके जुळतात. खोबणीच्या मध्यात थोडी जास्त पोकळी ठेवतात आणि ती शेवाळाने भरतात, जंगलातलं लांब धाग्यांचं, अर्धवट ओलं. पूर्ण वाळलेलं शेवाळ चुरा होतं, फार ओलं असेल तर लाकूड सडवतं. दर दीड-दोन मीटरवर दोन ओंडक्यांना आरपार भोक पाडून लाकडी खुंट्या ठोकतात. एका थरातल्या खुंट्या वरच्या थरातल्या खुंट्यांवर येऊ देत नाहीत. आणि खुंटी भोकापेक्षा जरा आखूड हवी. का, ते लगेच येतं.

ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या दिशेने चांगलंच आकसतं. ओंडक्यांची भिंत आडव्या लाकडाची असते, त्यामुळे ती उंचीत खाली बसते: मीटरमागे दोन ते पाच सेंटिमीटर, लाकूड किती ओलं होतं आणि शेवाळाचा थर किती दाबला जातो त्यावर. सहा मीटरची भिंत म्हणजे १२ ते ३० सेंटिमीटर. बहुतेक बसणं पहिल्या काही वर्षांत होतं. उभी लाकडं मात्र, म्हणजे खांब आणि चौकटी, तेवढीच राहतात. सगळे अपघात इथे होतात. खुंटी जरा लांब झाली तर वरचा ओंडका तिच्या डोक्यावर टेकतो आणि खाली फट पडते. खिडकीची चौकट वरच्या ओंडक्याला भिडवून ठोकली तर दोन वर्षांत भिंत चौकटीवर बसते, काचा तडकतात आणि दोन्ही बाजूंचे ओंडके खाली गेल्यामुळे चौकटीवरचा ओंडका अधांतरी राहतो. म्हणून चौकटीच्या वर मोकळी जागा सोडतात, तिच्यात शेवाळ किंवा ताग भरतात आणि बाहेरून एक फळी लावून झाकतात. त्या फळीमागची फट दिसली की नवखा माणूस ती सिमेंटने भरतो. असं करू नये.

भिंतीला पोट आलंच तर इलाज आहे. भिंतीच्या आत आणि बाहेर समोरासमोर एकेक उभं जाड लाकूड लावायचं आणि भिंतीतून आरपार लोखंडी बोल्ट घालून दोन्ही आवळायची. फिनिश कारागीर या जोडीला फॉल्यॅरी म्हणतात, शब्द स्वीडिशमधून आलेला, अर्थ ‘मागोमाग जाणारा’. नावातच युक्ती आहे. या लाकडांतली बोल्टची भोकं गोल नसतात, उभी लांबट असतात, म्हणजे भिंत खाली बसली की बोल्ट तिच्याबरोबर खाली सरकतो. गोल भोक पाडलं तर भिंत बोल्टांवर टांगली जाते, खालचे ओंडके बसतात, वरचे लटकतात आणि मधोमध बोट जाईल एवढी फट पडते. लाकडी चर्चच्या दुरुस्तीत ही चूक वारंवार सापडते आणि दरवेळी ती करणारा माणूस भक्कम काम केल्याच्या समाधानात असतो.

छपराकडे येऊ. क्रूसाचं छप्पर म्हणजे दोन आढ्यांची एकमेकांना काट. जिथे दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात तिथे चार घळी तयार होतात, बरोबर आतल्या चार कोपऱ्यांवर. क्रूसाकृती आराखड्याची सगळी फायद्याची बाजू भिंतीत आहे आणि सगळी तोट्याची बाजू या घळींत. बर्फ तिथे साचतो, दुपारी थोडा वितळतो, रात्री गोठतो, आणि पाणी कौलांखाली उलटं चढतं. पहिला ओला होतो तो आतला कोपरा, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात जास्त खाचा आहेत तीच जागा. छप्पर उभट ठेवणं, घळीत बर्चच्या सालीचे थर घालणं आणि वरून डांबर देणं हे जुने उपाय. पुढे पत्रा आला. पेतॅयॅवेसीचं छप्पर उभट आहे त्यामागे गॉथिक चर्चांची आठवण असेल, पण बर्फाचं ओझं हेही कारण पुरेसं होतं.

लाकडी कौलं पाइनची किंवा ॲस्पेनची करतात. ओंडक्याचे अर्ध्या मीटरच्या आसपासचे तुकडे पाडायचे, मग पातं ठोकून ते तंतूंच्या दिशेने चिरायचे. चिरणं महत्त्वाचं, कापणं नव्हे: चिरलेल्या कौलात तंतू वरपासून खालपर्यंत अखंड असतात, पाणी त्यांच्या बाजूने वाहून जातं. करवतीचं कौल तंतू मधेच तोडतं, तिथून पाणी आत शिरतं आणि ते वाकडं होतं. जाडी दीड-दोन सेंटिमीटर. कौलं अशी लावतात की कुठल्याही ठिकाणी दोन-तीन थर एकावर एक येतील आणि खालच्या ओळीतला सांधा वरच्या कौलाच्या मध्याखाली येईल. टोकं बहुधा अणकुचीदार किंवा गोल कापलेली असतात. ती शोभेसाठी दिसतात, पण पाणी एका थेंबावर गोळा होऊन पडावं हाही उपयोग असतो.

वरून डांबर. इथे डांबर म्हणजे रस्त्याचं नव्हे, पाइनच्या राळयुक्त लाकडातून मंद आचेवर, हवा कमी ठेवून काढलेलं. अठराव्या शतकात फिनलंडची ही मोठी निर्यात होती, युरोपभरची जहाजं त्यावर चालत. चर्चच्या छपरासाठी ते गरम करून पातळ करतात आणि कधी लाल माती मिसळतात. मातीचे कण ऊन अडवतात. नव्या कौलांना पहिला हात दिल्यावर लाकूड बरंच पिऊन टाकतं, म्हणून दुसरा हात लवकर द्यावा लागतो, मग काही वर्षांच्या अंतराने. दक्षिणेकडचं पाखं आधी मरतं: ऊन लाकडातला चिवट घटक जाळतं, राखाडी तंतू सुटे होतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. उत्तरेचं पाखं शेवाळ धरतं, तो आजार वेगळा. दोन्ही पाख्यांना एकाच वेळापत्रकाने डांबर देणं म्हणजे एकावर फुकट घालवणं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवणं.

छपराखाली फळ्यांच्या कमानी आहेत. वासे बाहेर ढकलतात तो जोर तुळयांनी आवळलेला असतो, आणि फळ्यांची कमान फक्त छत म्हणून वाकवलेल्या कमानपट्ट्यांना ठोकलेली असते. दगडी कमानीसारखी ती वजन पेलत नाही. चौकावर मात्र छत घुमटासारखं वर उचललेलं आहे, आणि कमानींच्या कडांना लाल मातीच्या रंगाने नक्षी काढली आहे. एवढाच रंग. दगडी चर्चमध्ये ज्या रेषा वजनामुळे तयार होतात त्या इथे सुताराने रंगाने काढून दाखवल्या. याला कुणी नक्कल म्हणेल. मला ती सुताराची थोडी मिश्कील कबुली वाटते.

पुलपीटाखाली संत ख्रिस्तोफर आहे, खांद्यावर पुलपीटाचं ओझं घेऊन. कथेत तो बाळ ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी पार करतो. लुथरनांनी संतांची आराधना सोडली होती, पण नावेतून उपासनेला येणाऱ्या मंडळीसमोर पाणी ओलांडणारा भारवाहक उभा करायला त्यांची हरकत दिसत नाही. कोरीवकाम ओबडधोबड आहे, शहरी कलाकाराचं नाही, आणि त्या भिंतींत तेच शोभतं.

१८२१ साली याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने पश्चिमेकडे घंटाघर जोडलं आणि साक्रिस्टी, म्हणजे पाळकाची खोली, मोठी केली. मधल्या काळात नियम बदलले होते. १७७६ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याच्या हुकुमानुसार सार्वजनिक इमारतींचे नकाशे स्टॉकहोमच्या बांधकाम कार्यालयात तपासले जाऊ लागले आणि दगडाचा आग्रह धरला गेला. फिनलंड रशियाकडे गेल्यावर हेल्सिंकीत तसंच कार्यालय आलं आणि १८२४ पासून कार्ल लुडविग एंगेल त्याचा प्रमुख होता. यानंतर खेड्यातल्या चर्चचा आराखडा शहरातल्या वास्तुविशारदाच्या कागदावरून येऊ लागला. लाकूड वापरात राहिलंच. केरिमॅकीचं १८४७ चं प्रचंड लाकडी चर्च, तीन हजारांहून अधिक माणसं बसतील असं, याच नव्या काळातलं आणि तेही क्रूसाचंच. पण तिथे नकाशा आधी होता, ओंडका नंतर. पेतॅयॅवेसीत उलट होतं, आणि आजोबांच्या इमारतीला नातवाने हात लावला तो त्याच जुन्या पद्धतीने.

१८७९ मध्ये गावाने नवं चर्च बांधलं आणि जुनं रिकामं झालं. पाडलं नाही. घंटाघर वापरात होतं, आवारात दफन चालू होतं, त्यामुळे कुणी ना कुणी जात-येत राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वापरातल्या चर्चांचं काय झालं ते पाहिलं तर या रिकामपणाचं मोल कळतं. आतल्या ओंडक्यांवर फळ्या मारून पांढरा रंग दिला गेला, खिडक्या मोठ्या केल्या गेल्या, शेगड्या आल्या, बाकं बदलली. रिकाम्या इमारतीवर खर्च करायचं कुणाला सुचलं नाही. पण रिकामपण एकट्याने इमारत वाचवत नाही. छप्पर गळायला लागलं असतं तर वीस-तीस वर्षांत आतले कोपरे गेले असते. १९२० च्या दशकात व्हिएन्नाचे कला-इतिहासकार योझेफ स्त्शिगॉव्स्की यांनी या चर्चचं महत्त्व सांगितलं आणि त्यानंतर दुरुस्ती सुरू झाली, तोवर छपराने तग धरला होता एवढं नशीब.

दुरुस्तीतलं सगळ्यात मोठं काम नेहमी खालच्या ओंडक्याचं असतं. भिंत जमिनीवर नसते, कोपऱ्यांखाली मोठे दगड आणि मधे लहान दगड असतात. दगड आणि पहिला ओंडका यांच्या मधे बर्चच्या सालीचे थर घालतात, ती साल पाणी वर चढू देत नाही. दगडांमधल्या फटी वाऱ्यासाठी असतात. पुढे कुणीतरी त्या फटी बंद करतो, किंवा आवारात वर्षानुवर्षं माती साचते आणि ओंडक्याला टेकते. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर टिकून राहिलं की बुरशीला वाव मिळतो. बाहेरून ओंडका ठणठणीत दिसतो, टोकदार अवजार दाबलं की मुठीपर्यंत आत जातं. तेव्हा भिंत जॅकवर किंचित उचलून खालचे एक-दोन थर बदलतात. या कामाला फिनिशमध्ये केंगित्युस म्हणतात, शब्दशः घोड्याला नाल ठोकणं. उचलताना सगळे कोपरे सारखे, मिलिमीटर-मिलिमीटर वर घ्यावे लागतात. एकच कोपरा उचलला तर वरच्या सगळ्या थरांतल्या खाचा पिळतात आणि दीडदोनशे वर्षांचं शेवाळ दोन तासांत गळून पडतं. नवा ओंडका शक्यतो जुन्याइतक्याच दाट वलयांचा आणि चांगला वाळलेला लागतो. ओला घातला तर तो एकटाच आकसतो आणि वरची भिंत त्याच्यावर न टेकता कोपऱ्यांवर लटकते.

आग हा वेगळाच विषय आहे. राळेचं लाकूड, वर डांबर, उभट छपराखाली धुराड्यासारखी पोकळी. पेटलं तर वाचवायला अर्धा तासही नसतो. इलिविएस्काचं अठराव्या शतकातलं चर्च २०१६ मध्ये आणि कीह्तेलुस्वाराचं २०१८ मध्ये जळून गेलं, दोन्ही जाळपोळीत. त्यामुळे अशा चर्चांत आता पाण्याचे फवारे आणि पहाऱ्याची यंत्रणा यांवर छपराइतकंच लक्ष द्यावं लागतं. थंडीत गोठणार नाहीत असे फवारे बसवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे, कारण इमारतीत उष्णता नाही.

आणि ती नसणंच बरं. पेतॅयॅवेसीचं चर्च तापवलं जात नाही, उपासना आणि लग्नं उन्हाळ्यात होतात. उणे वीसच्या थंडीत आतली हवा तापवली तर ती इतकी कोरडी होते की लाकूड भराभर आकसतं, रंगवलेल्या फळ्यांना भेगा पडतात आणि कोरीव मूर्तींचे सांधे उघडतात. शेगडी फक्त रविवारी पेटवली तर त्याहून वाईट: दर आठवड्याला एक झटका. न तापवलेल्या इमारतीत दमटपणा जास्त असतो, पण थंडीत बुरशी वाढत नाही, त्यामुळे लाकूड संथपणे ऋतूंबरोबर फुगतं आणि आकसतं.

धोक्याचे दिवस दोन-तीन आठवड्यांचेच, वसंतात. बाहेर अचानक ऊब येते, भिंती मात्र हिवाळाभर थंडी प्यायलेल्या असतात. पहिल्या उबदार दिवशी हौसेने सगळी दारं उघडली तर बाहेरची दमट हवा आत येऊन थंड ओंडक्यांवर दव धरते, आणि छताच्या लाल नक्षीवरून थेंब ओघळू लागतात. म्हणून त्या दिवसांत दारं बंद ठेवतात, आतलं आणि बाहेरचं तापमान रोज मोजतात, आणि भिंती बाहेरच्या हवेच्या जवळपास आल्यावर, कोरड्या वाऱ्याचा दिवस पाहून, आधी एकच दार उघडतात.